कॉलेजात खेळलेल्या आपल्या माणसावर लिहायचंय? आधी एवढं करा

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, काही काळापूर्वी गेले. पेपरात द्यायची बातमी चुलतभावाने पाच मिनिटांत लिहून आणली, "मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे". यातलं खोटं काहीच नव्हतं, पण वाचल्यावर माझ्या डोळ्यासमोर आण्णा आलेच नाहीत. खाली एक ओळ होती, "कॉलेजजीवनात ते खो-खोचे राष्ट्रीय खेळाडू होते". ही ओळ आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलेलो, लग्नाच्या बैठकीत, पाहुण्यांसमोर, सगळीकडे. मग पहिल्या वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढायची ठरली, लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि वही उघडून बसल्यावर कळलं की त्या ओळीच्या पुढे मला काहीच माहीत नाही. कुठल्या साली खेळले, कुणाबरोबर, कुठे, मैदानात नेमकं काय करायचे, काही नाही. माणूस चाळीस वर्षं डोळ्यासमोर होता आणि मी एकदाही नीट विचारलं नव्हतं.

पुस्तिका निघाली. त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीच्या चार-पाच जणांनी विचारलं की आमच्या वडिलांचं / काकांचं असंच करायचंय, कसं केलंस. म्हणून जे केलं, जे चुकलं, ते सगळं लिहून ठेवतेय. मी खो-खोचं सांगणार कारण मला तेच माहितीये, पण कबड्डी, कुस्ती, व्हॉलीबॉल, पळणं, काहीही असलं तरी रीत हीच लागेल.

पहिलं काम घरातच आहे

माळा, ट्रंक, गोदरेजच्या कपाटाचा आतला कप्पा, जुनी फाईल जिच्यात एलआयसीच्या पावत्या असतात ती. सगळं एकदाच काढा पण एकदाच आवरू नका, कारण कुठली वस्तू कशाच्या शेजारी होती यावरूनही कळतं. आण्णांचं खो-खोचं सर्टिफिकेट त्यांच्या मार्कलिस्टबरोबर नव्हतं, ते आम्हा तिघा भावंडांच्या जन्मदाखल्यांच्या पाकिटात होतं. हे मी बघितल्याबरोबर लिहून घेतलं.

ग्रुप फोटो मिळाला तर नशीब समजा. कॉलेजचे टीमचे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात आणि खाली बारीक अक्षरात नावं असतात, बसलेले डावीकडून, उभे डावीकडून, बहुतेक वेळा आद्याक्षरं आणि आडनाव. मधे खुर्चीत प्राचार्य, शेजारी जिमखान्याचे सर, आणि कॅप्टनच्या पायाशी ढाल. ही नावांची पट्टी म्हणजे तुमची सगळ्यात मोठी मदत, कारण यातूनच पुढे माणसं शोधायचीत. आमच्या फोटोला वाळवी लागून पट्टीचा उजवा भाग गेला होता, तरी सात नावं वाचता आली.

फोटो फ्रेममधून काढायची घाई करू नका. काच आणि फोटो चिकटलेला असेल तर ओढला की वरचा थर निघून येतो आणि तो पुन्हा बसत नाही. काचेसकटच मोबाईलने त्याचा फोटो घ्या, सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ पण ऊन थेट पडणार नाही असा ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाईल बरोबर वर सरळ धरून. काचेत चमक येत असेल तर गुगलचं फोटोस्कॅन ॲप वापरा, ते चार-पाच फोटो जोडून चमक घालवतं. सुटा फोटो असेल तर स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या, ३०० वर केलेला नंतर मोठा करायला गेलं की चेहरे फुटतात. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का असतो, कधी तारीख असते. आणि फोटोमागे काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने एका कडेला लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे चेहऱ्यावर उमटतं, माझ्या मोठ्या आत्याने असं एका फोटोचं केलंय, प्रेमानेच केलंय, पण केलंय.

सर्टिफिकेट नीट वाचा

इथे बहुतेकांची चूक होते आणि आमची तर पिढीभर झाली. कॉलेजचा खेळाडू कुठे कुठे पोचला याच्या पायऱ्या असतात. आधी कॉलेजची टीम. मग झोनल, म्हणजे आपल्या विभागातल्या कॉलेजांच्या मॅचेस. मग इंटर-झोनल, तिथे विद्यापीठाची टीम निवडतात. त्या टीमबरोबर जो जातो तो इंटर-युनिव्हर्सिटी खेळायला जातो, पश्चिम विभाग किंवा अखिल भारतीय. याला आपल्याकडे बोलताना सरसकट "नॅशनल खेळला" म्हणतात पण राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा वेगळी, ती राज्याच्या संघांची असते, तिथे महाराष्ट्राकडून निवड व्हावी लागते. विद्यापीठाकडून खेळणं छोटं नाहीये, विद्यापीठाखालच्या सगळ्या कॉलेजांतून बारा पोरं निवडायची म्हणजे गंमत नव्हे, पण जे होतं तेच लिहा.

साल जोडीने लिहिलेलं असतं, १९७३-७४ असं, म्हणजे शैक्षणिक वर्ष. नुसतं ७३ धरून शोधायला गेलात तर चुकीच्या वर्षाचा गठ्ठा चाळत बसाल, मी दोन दिवस बसले. वर्गाच्या रकान्यात पी.डी. दिसलं तर ते प्री-डिग्री, पी.डी. सर नव्हेत. तेव्हा अकरावीला एसएससी असायची, दहावीची बोर्डाची परीक्षा १९७५ पासून आली, त्यामुळे वयाचा हिशोब आजच्या पद्धतीने मांडू नका.

आणि कुठल्या विद्यापीठात शोधायचं ते आधी ठरवा. आज तुमचं गाव ज्या विद्यापीठात येतं तेच तेव्हा असेल असं नाही. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ ला मिळालं, त्याआधीचा सोलापूरचा खेळाडू शिवाजी विद्यापीठाच्या रेकॉर्डमधे सापडेल. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, त्याआधी कोल्हापूर-सांगलीकडचे लोक पुण्याला जोडलेले, आणि पुणे विद्यापीठ स्वतः १९४९ चं. जळगाव-धुळ्याकडे १९९० च्या आधी पुणे. नांदेड-लातूरकडे १९९४ च्या आधी औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ. अमरावतीला १९८३ च्या आधी नागपूर, गडचिरोली-चंद्रपूरला २०११ च्या आधी नागपूर. गोव्याचं विद्यापीठ १९८५ चं, त्याआधी तिथली कॉलेजं मुंबईला जोडलेली होती. हे एवढं माहीत असलं तरी निम्मी वणवण वाचते.

ब्लेझर असेल तर त्याच्या खिशावरचा बिल्ला बघा, विद्यापीठाचा कलर, म्हणजे विद्यापीठाच्या टीममधून खेळल्याचा मान, मिळालेल्याला तो मिळायचा, आणि "कलर होल्डर" असा उल्लेख असेल तर तो पुस्तिकेत आवर्जून घ्या, त्या पिढीला त्याचं फार मोल होतं.

कॉलेज आणि वाचनालय

कॉलेजात जाताना ऑफिसात जाऊन "माझ्या वडिलांचं रेकॉर्ड द्या" म्हणू नका, पन्नास वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढायला कुणालाच वेळ नसतो. मला एका ठिकाणी तीन वेळा परत पाठवलं, मी तिथे रागावून आले, आणि त्या रागात एक महिना वाया गेला. त्यापेक्षा सरळ कॉलेजच्या ग्रंथालयात जा आणि वार्षिक अंक मागा, म्हणजे कॉलेजचं नियतकालिक. कथा-कविता संपल्या की मागच्या पानांत अहवाल असतात, एन.एस.एस., एन.सी.सी., वादविवाद मंडळ आणि जिमखाना. जिमखान्याच्या अहवालात त्या वर्षीच्या सगळ्या टीम, निकाल आणि निवड झालेल्यांची नावं असतात. मला आण्णांचं नाव पहिल्यांदा छापील तिथे दिसलं. मी ग्रंथालयातल्या त्या लाकडी बाकावर बराच वेळ नुसती बसून राहिले.

दुसरी जागा म्हणजे गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, जिथे पेपरांचे बांधीव खंड असतात. आधी ग्रंथपालांना फोन करून कुठली वर्षं आहेत ते विचारा. इंटर-झोनलच्या मॅचेस साधारण पावसाळ्यानंतर ते डिसेंबरपर्यंत व्हायच्या असं आण्णांच्या मित्रांनी सांगितलं म्हणून मी तेवढेच महिने चाळले. आता खो-खोवाल्यांसाठी खास गोष्ट, मराठी पेपरात खो-खोच्या बातमीत प्रत्येक चांगल्या खेळाडूच्या पुढे कंसात वेळ असते, तो किती मिनिटं पळाला आणि किती गडी मारले. म्हणजे "(२.१० मि. संरक्षण व २ गडी)" असं. क्रिकेटवाल्याच्या धावा असतात तशी ही खो-खोवाल्याची मिनिटं. आण्णांच्या आडनावापुढे मला २.१० मि. सापडलं. मला त्याचा अर्थ कळत नव्हता. तो ज्यांना कळतो त्यांच्याकडे जाणं हे पुढचं काम, आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाचं काम.

बरोबर खेळलेल्यांना भेटा, आणि लवकर भेटा

फोटोतली सात नावं, त्यातले तीन गेलेले, एक अमेरिकेत मुलाकडे, एकाचा पत्ताच नाही, आणि दोघे भेटले. एक मिरजेत, एक पुण्यात. दोघेही सत्तरीच्या पुढचे. मी सहा महिने उशीर केला असता तर मिरजेचे काकाही भेटले नसते, हे मला नंतर कळलं. म्हणून सांगते, पेपरांचे खंड कुठे जात नाहीत, ते नंतर करा, माणसं आधी.

शोधायचं कसं? कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच, नसला तर गावातल्या जुन्या क्रीडा मंडळात जा आणि फोटो दाखवा. फोटो छापून न्या, मोबाईलवर दाखवू नका, म्हाताऱ्या माणसांना तो हातात धरून, चष्मा वर-खाली करून बघायचा असतो आणि त्या बघण्यातच आठवणी येतात. मी ए-फोर साईजला मोठा करून नेला होता.

मी पहिल्याच भेटीत मोठी चूक केली, विचारलं, "आण्णा कसे होते?" मिरजेचे काका म्हणाले, "लई चांगला माणूस." आणि गप्प. दोन मिनिटं गप्प. म्हणजे परत पेपरातल्या बातमीवरच आलं सगळं. मग त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या तोवर मी दुसरं विचारलं, "आण्णा ओळीत कुठे बसायचे?" आणि काका खुर्चीतून पुढेच सरकले.

खो-खोत आठ जण ओळीत बसतात, एकाआड एक उलट्या तोंडाने, आणि नववा मारायला पळतो. कोण कुठल्या चौकोनात बसणार हे ठरलेलं असतं, खांबाजवळ उंच, लांब सूर मारणारा, मधे चपळ. काकांनी टीपॉयवर बिस्किटं मांडून मला दाखवलं. आण्णा खांबाला लागून दुसऱ्या चौकोनात. पळताना दुसऱ्या तुकडीत, तिघांत शेवटी उरायचं त्यांचं काम, साखळी पळायचे म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी. मैदान मातीचं, मॅट वगैरे तेव्हा कुठलं, सूर मारला की कोपर सोलायचं. आणि मला एकदम आण्णांच्या डाव्या कोपराचा तो काळा खडबडीत डाग आठवला, जो आम्ही लहानपणी "आण्णांचा गेंडा" म्हणायचो, आणि ते नुसते हसायचे.

तर मुद्दा असा की गुण विचारू नका, जागा, वस्तू आणि काम विचारा. कुठे बसायचे, पायात काय असायचं, मॅचला कशाने जायचा, डबा कोण द्यायचं, हरल्यावर परत येताना गाडीत काय बोलणं व्हायचं, बक्षिसाचे पैसे असले तर त्याचं काय केलं. साल आठवत नसेल तर साल विचारू नका, "७२ च्या दुष्काळाच्या आधी की नंतर?" असं विचारा. आमच्या भागातल्या त्या वयाच्या माणसाला मिलोची लाल भाकरी कधी खाल्ली ते पक्कं आठवतं. पुण्याच्या माणसाला पानशेत, कऱ्हाड-पाटणकडच्याला कोयनेचा भूकंप, त्या खुणेने साल बरोबर सापडतं.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करा पण विचारून करा आणि फोन डोळ्यासमोर ठेवू नका, फोटोखाली सरकवून द्या. तासाभरापेक्षा जास्त बसू नका. निघताना दारात चपला घालताना जे बोलतात ते सगळ्यात खरं असतं, म्हणून रेकॉर्डिंग बंद करायची घाई नको.

मग एक दिवस काहीतरी वेगळंच कळेल

पुण्याच्या काकांना मी १९७३-७४ च्या अखिल भारतीय इंटर-युनिव्हर्सिटीबद्दल विचारलं, ज्याचं सर्टिफिकेट आमच्याकडे आहे, ज्याच्यावरून घरात "राष्ट्रीय खेळाडू" हा शब्द आला. काका जरा थांबले. म्हणाले, "तुला माहितीये ना, तो राखीव होता."

मला माहीत नव्हतं. तेव्हा बारा जणांचा संघ जायचा, नऊ मैदानात, तीन राखीव. सर्टिफिकेट बाराही जणांना सारखंच मिळायचं, सहभाग म्हणून, त्यात कोण उतरलं कोण नाही लिहिलेलं नसतं. आण्णा त्या स्पर्धेत एकही मॅच खेळले नाहीत.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. परत येताना स्वारगेटवरून एसटीत बसल्यापासून कराडपर्यंत मी हाच विचार करत होते की हे लिहायचं का. मग रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, कारण काका त्यानंतरही बोलत होते आणि माझं लक्षच नव्हतं. काका सांगत होते की राखीव म्हणून आण्णा काय करायचे. सगळ्यांच्या बॅगा सांभाळणं, सोललेल्या कोपरांना हळद-तेल लावणं, आणि मॅच चालू असताना सीमारेषेबाहेर उभं राहून मनगटावरच्या घड्याळात बघून पळणाऱ्याला वेळ ओरडून सांगणं. "एक झाली... दीड झाली... दोन झाली!" पळणाऱ्याला आत काही कळत नसतं, अजून किती तग धरायचा ते बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं, आणि हे सांगणारा माणूस विश्वासाचा लागतो, कारण त्याने पाच सेकंद जरी चुकीचं सांगितलं तरी पळणारा दम टाकतो आणि बाद होतो.

घरी येऊन आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, "म्हणून ते तसं सांगायचे होय."

आमच्या घरी सकाळी शाळेची घाई असायची. आण्णा दारात उभे, घड्याळात बघत, "सहा राहिली... पाच राहिली... चला चला चार!" शाळेची एसटी सात पंचवीसची. दूध गॅसवर ठेवलं तरी आण्णा स्वयंपाकघराच्या दारातून मिनिटं सांगायचे. माझ्या बारावीच्या बायोलॉजीच्या पेपरला परीक्षेच्या हॉलच्या खिडकीबाहेर पटांगणात ते उन्हात उभे होते, शेवटच्या अर्ध्या तासाला मी वर बघितलं तर त्यांनी तीन बोटं दाखवली, तीस मिनिटं. मला तेव्हा मैत्रिणींसमोर लाज वाटली होती. आम्हाला वाटायचं हा कारखान्याच्या नोकरीचा परिणाम, ते साखर कारखान्यात शेतकी खात्यात चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी-चिठ्ठ्या बघणारा, म्हणून लागले आणि क्लार्क म्हणून रिटायर झाले, तिथे भोंग्यावर सगळं चालतं. ते तसं नव्हतं. ते मैदानातून आलेलं होतं आणि आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"राखीव" हा शब्द पुस्तिकेत घालायला भावाचा विरोध होता. लोक काय म्हणतील, इतकी वर्षं आपण काय सांगत आलो. आई म्हणाली, त्यांनी स्वतः कधी म्हटलं होतं का की मी नॅशनल खेळलो? आम्ही आठवून बघितलं. नव्हतं म्हटलं. ते आजोबा म्हणायचे, मग मामा म्हणायला लागले, आण्णा फक्त गप्प बसायचे. मग तो शब्द राहिला. तुमच्याकडेही असं काही निघालं तर माझं मत स्पष्ट आहे, ठेवा. फक्त आधी घरातल्या मोठ्या माणसाला विश्वासात घ्या, छापून आल्यावर कळायला नको. आणि ज्याने गेलेल्या माणसाला किंवा जिवंत असलेल्या कुणाला उगाच त्रास होईल, म्हणजे जुनी भांडणं, पैशाची देणीघेणी, त्याची इथे गरज नसते, ते सोडून द्या.

घरातल्या माणसाबद्दल

खेळाचं शोधायला कष्ट पडतात म्हणून आपण तेच लिहीत बसतो आणि घरातलं "आदर्श पती, प्रेमळ पिता" एवढ्यावर उरकतो, हे होऊ देऊ नका. घरातल्यांच्याही मुलाखती घ्या, पण समोर बसवून नाही. आईला मी शेंगा फोडताना विचारायचे, हात कामात असले की तोंड मोकळं होतं. लग्न ठरताना त्यांच्या खेळाबद्दल काय सांगितलं होतं? पहिला पगार किती आणि कुठे गेला? खेळणं कधी सुटलं, कुणी सोडायला लावलं की आपोआप? आईने सांगितलं की माझ्या मोठ्या भावाच्या जन्माच्या वर्षी मंडळाने त्यांना खेळायला बोलावलं होतं, ते गेले नाहीत कारण गळीत हंगाम चालू होता आणि त्या महिन्यात ओव्हरटाइम मिळायचा. पण रविवारी पहाटे मंडळाच्या मैदानावर सुतळी धरून फक्की मारायला, म्हणजे पांढऱ्या पुडीने रेषा आखायला, मात्र रिटायर होईपर्यंत जात राहिले. हे दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिलं मी, काही न जोडता.

जुनी डायरी, घरखर्चाची वही, पोस्टाचं पासबुक बघा. आण्णांच्या वहीत १९८८ च्या जूनमधे "कॅनव्हास बूट १ जोड" आहे आणि त्यांच्यासाठी नाही, माझ्या बहिणीसाठी, ती शाळेच्या टीममधे गेली त्या वर्षी.

नातवंडांनाही विचारा. माझ्या भाच्याने सांगितलं की २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, तेव्हा आण्णा फायनल बघताना सोफ्यावर बसलेच नाहीत, टीव्हीसमोर उभे होते. हे त्यांच्या जाण्याच्या आधीच्या शेवटच्या महिन्यांतलं आहे.

लिहिताना

माझा पहिला खर्डा वाचून मिरजेच्या काकांनी एकच वाक्य खोडलं, "काळाने त्यांना खो दिला". म्हणाले, हे प्रत्येक खो-खोवाल्याच्या शोकसभेत कुणीतरी म्हणतंच. खरंय. कबड्डीवाल्याचा "दम तुटला", पहिलवानाला "नियतीने चीतपट केलं", क्रिकेटवाल्याची "इनिंग संपली", हे सगळं टाळा. बोलताना आलं तर आलं, छापू नका.

विशेषणाच्या जागी घटना ठेवा. खाशाबा जाधवांचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, १९४८ ला लंडनला सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीला कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण आपल्याकडे कुणालाही विचारा, त्याला पदकाबरोबर काय आठवतं? की त्यांना हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. "गुरूंचा त्यांच्यावर विश्वास होता" एवढंच लिहिलं असतं तर ते कुणाच्या लक्षात राहिलं असतं? आणि ते १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो जवळजवळ सोळा-सतरा वर्षांनी, मरणोत्तर. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडा दिन झाला तोही अगदी अलीकडे. एवढ्या मोठ्या माणसाच्या आठवणीलाही कुणीतरी मागे लागावं लागलं. आपल्या घरातल्या माणसासाठी दुसरं कोण लागणार.

सुरुवात जन्मतारखेपासून करू नका, ती शेवटच्या पानावर चौकटीत द्या, नावं-तारखा-शिक्षण-नोकरी सगळं तिथे. सुरुवात एखाद्या जागेपासून करा. मी दारात उभ्या असलेल्या आण्णांपासून केली. खेळाचे शब्द बदलू नका, पण एकदा ओघात समजावून सांगा, घरातल्या सुना-जावयांना साखळी म्हणजे काय माहीत नसतं. शोकसभेत बोलायचं असेल तर तीन मिनिटं, म्हणजे साडेतीनशे-चारशे शब्द, आणि एकच प्रसंग. दोन प्रसंग घेतले की दोन्ही वाया जातात, मी बाराव्याला हे करून बसलेय.

छपाई

थोडक्यात सांगते. युनिकोडमधे टाईप करा, डीटीपीवाले त्यांच्या फॉन्टमधे बदलून घेतात पण बदलताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, त्यामुळे प्रूफ कागदावर मागा आणि दोघांनी वाचा, त्यातला एक घरातला नसलेला. नावं उलटीकडून वाचली की चुका पटकन सापडतात. पन्नास-शंभर प्रतींसाठी डिजिटल प्रिंटिंग परवडतं, ऑफसेटच्या मागे लागू नका. आतला कागद साधा मॅपलिथो चालतो, फोटोची पानं तेवढी आर्टपेपरवर घ्या. कॉलेजच्या ग्रंथालयाला आणि मंडळाला एकेक प्रत नक्की द्या, उद्या दुसरं कुणी आपल्या वडिलांना शोधत आलं तर त्याच फोटोत त्यांचेही वडील असतील.

स्मृतिचषक ठेवायचा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. पहिली दोन वर्षं होतो, मग कुणी बघत नाही. आम्ही त्याऐवजी मंडळाला दरवर्षी जूनमधे गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड देतो, मुली जास्त आहेत आता तिथे, त्या मापाचे.

आणि एक. पिनची पुस्तिका चारच्या पटीत छापतात, त्यामुळे मजकूर संपून दोन-तीन पानं उरतात. तिथे श्लोक, सुविचार, गणपतीचा फोटो टाकून भरू नका. कोरी ठेवा, वर फक्त "तुमची आठवण" एवढं लिहा, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर पेनं फिरवा. आमच्याकडे एकवीस जणांनी लिहिलं. कारखान्यातल्या एका शिपायाने लिहिलं, शेजारच्या काकूंनी लिहिलं. पुण्याचे काका मुलाबरोबर आले होते, त्यांचा हात कापतो म्हणून त्यांनी बराच वेळ घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. मी रात्री सगळे गेल्यावर वाचलं. "त्या स्पर्धेत आम्ही सेमीफायनल हरलो. नऊ जण खेळलो, पण परत येताना गाडीत आवाज फक्त त्याचा बसला होता."